‘कष्टकऱ्याला डिप्रेशन होत नाही’ म्हणे!

मोठ्या आईच्या देव्हाऱ्यामागे गोळ्यांचं पाकीट सापडलं. पंधरातल्या अकरा गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, "हे तं शहरातल्या रिकाम्या लोकायचं दुखणं हाय व. मले कायले गोळ्या?"

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते लगेच कळलं. घरच्याच ग्रुपवर दादाने टाकलेला मेसेज. तुमच्याकडेही आला असेल: डिप्रेशन हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा आजार, घाम गाळणाऱ्याला तो होत नाही; आपल्या आजीला कधी झाला होता का; या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत; मन मोकळं करा, कामाला लागा, आपोआप बरं वाटेल.

घाम गाळणाऱ्याला होत नाही? विदर्भात राहून हे वाक्य पुढे पाठवायला हात तरी कसा धजावतो? दर हंगामात कुणी ना कुणी शेतकरी जीव देतो आणि त्याच्या दारात मांडव पडतो, तो रिकामटेकड्यांच्या दारात नसतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय मासिकात छापून आले. ही गावं शेतकऱ्यांची आणि मजुरांची. तिथे सुरुवातीच्या पाहणीत शंभरातल्या चौदा-पंधरा मोठ्या माणसांत नैराश्य आढळलं. त्यांच्यातले मदत घेत होते फक्त ४.३ टक्के. बाकीचे सगळे तसेच कापूस वेचत होते, डवरणी करत होते, आणि घरच्यांना वाटत होतं की हिला कामाचा कंटाळा आलाय. मोठी आईसुद्धा दोन वर्षं "अंग दुखते, झोप येत नाही" म्हणत सुया टोचून घेत होती. डिप्रेशन हा शब्द तिच्या तोंडी नाहीच, ती ‘टेन्शन’ म्हणते. आजीच्या वेळी तर तेही म्हणत नव्हते. बाहेरचं लागलं म्हणायचे आणि देवऋषाकडे न्यायचे.

आता ‘शहरातलं दुखणं’ म्हणणाऱ्यांचं एवढं मान्य करते: २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महानगरांत प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त निघालं होतं. पण कमी उत्पन्नाच्या घरांत ते जास्त आहे, हेही त्याच सर्वेक्षणात आहे. श्रीमंतांचा आजार कुठून आला मग?

गोळ्यांचं म्हणाल तर झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तशी चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरतो. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मोठ्या आईला आठवडाभर चक्कर येत होती ती यामुळेच. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण भोगलं तिने.

मन मोकळं करा, हे ठीक. पण कुणाजवळ? ‘विश्राम’मध्ये गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं होतं. ते बैठका घ्यायचे, ऐकून घ्यायचे, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे. दीड वर्षात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच होती, कष्टही तेच होते. आपल्या गावात असं कुणी नाही. जिल्ह्याला जायचं म्हणजे एसटीचं तिकीट अर्धं असलं तरी त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि वेचणीच्या दिवसांत ती बुडवणं मोठ्या आईला परवडत नाही. निदान १४४१६ वर फोन तरी करता येतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तिच्या फोनमध्ये मी तो घालून दिलाय.

दादा, हे त्याच ग्रुपवर टाकते आहे. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, पुढची तारीख मंगळवारची आहे. सकाळी सातच्या गाडीने तिला तू घेऊन जा, आणि तिच्या त्या दिवसाच्या मजुरीचे पैसेही तूच दे.