कार्निटिन, वरणभात आणि पोटावरची चरबी

आमच्या दादरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात गेल्या पंधरवड्यात एकच संदेश तीन वेगवेगळ्या क्रमांकांवरून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘एल-कार्निटिन हे व्हिटॅमिन बी-टी असून ते फक्त मांसात असते. शाकाहारी माणसाच्या शरीरात ते नसल्यामुळे त्याची चरबी जळत नाही, ती पोटावर साचते. रोज दोन गोळ्या घेतल्या तर व्यायामाशिवाय महिन्यात पाच किलो वजन उतरते. पदार्थ नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम शून्य. डायलिसिसच्या रुग्णांना डॉक्टरही हेच देतात.’ यातील जवळजवळ प्रत्येक वाक्यात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच संदेश हसण्यावारी न नेता क्रमाने तपासलेला बरा.

आधी नावाचे पाहू. कार्निटिन १९०५ साली मांसाच्या अर्कातून वेगळे करण्यात आले आणि मांसाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. ‘बी-टी’ हे बिरुद मात्र पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीमुळे चिकटले. टेनेब्रिओ नावाच्या त्या किड्याची अळी कार्निटिन मिळाल्याशिवाय वाढत नाही, आणि बी-टीमधला ‘टी’ हे त्या किड्याच्या नावाचेच आद्याक्षर आहे. जे शरीराला स्वतः पुरेसे तयार करता येत नाही ते जीवनसत्त्व, ही व्याख्या धरली तर अळीपुरते नाव बरोबर आहे. निरोगी प्रौढ माणसाला ते लागू पडत नाही.

आता शाकाहाराविषयी. आपले यकृत आणि मूत्रपिंडे लायसीन व मेथिओनिन या दोन अमिनो आम्लांपासून कार्निटिन घडवतात, आणि त्या कामाला क जीवनसत्त्व, लोह, ब-६ आणि नायसिन यांची मदत लागते. लायसीन डाळीत भरपूर असते आणि भातात तुलनेने कमी, तर मेथिओनिनचे नेमके उलट. म्हणजे वरणभात कालवून त्यावर लिंबाची फोड पिळणारा माणूस, स्वतःच्या नकळत, या कारखान्याला लागणारा बराचसा कच्चा माल एकाच घासात पुरवत असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाचे शरीर अशा रीतीने दिवसाला साधारण ११ ते ३४ मिलिग्रॅम कार्निटिन बनवते. दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्याला आहारातून जेमतेम एखादा मिलिग्रॅम मिळतो, हे खरे आहे; पण एक कप दुधातच सुमारे ८ मिलिग्रॅम असते, आणि आपल्याकडचा शाकाहारी चहा, ताक, दही यांपासून सहसा दूर राहत नाही. शिवाय मूत्रपिंडे गाळलेल्या कार्निटिनपैकी बहुतांश रक्तात परत ओढून घेतात आणि आहारातून कमी आले की ही काटकसर वाढवतात. शाकाहारी व्यक्तीच्या रक्तातील पातळी थोडी कमी आढळते, हेही मान्य करायला हवे. परंतु ‘थोडी कमी’ आणि ‘नसते’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शरीरात सुमारे वीस ग्रॅम कार्निटिनचा साठा असतो आणि त्याचा जवळजवळ सगळा भाग स्नायूंत असतो. तो खरोखरच संपला असता तर माणूस लठ्ठ होण्याऐवजी स्नायूंच्या दुर्बलतेने अंथरुणाला खिळला असता.

‘चरबी जळते’ हा संदेशाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. पेशीतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) मेदाम्लांचे, म्हणजे चरबीच्या घटकांचे, ज्वलन होते, परंतु लांब साखळीची मेदाम्ले त्यांच्या आतल्या पडद्यातून स्वतः जाऊ शकत नाहीत. कार्निटिन त्यांना जोडून घेऊन पलीकडे पोहोचवते आणि पुढच्या फेरीसाठी मोकळे होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचसारखे हे काम आहे. धक्क्यावर उतारूच नसतील तर चार लाँच जास्त लावून पलीकडची गर्दी वाढत नाही. या वाहतुकीचे फाटक सीपीटी-१ या विकराच्या हाती असते. जेवणानंतर, विशेषतः पाव, बिस्किटे किंवा भात खाल्ल्यावर, इन्सुलिन वाढते, त्यापाठोपाठ पेशीत मॅलोनिल-कोए नावाचे संयुग वाढते आणि ते या विकराला रोखून धरते. तेव्हा किती चरबी जळावी हे मुख्यतः आपण किती खाल्ले आणि किती हालचाल केली यावर ठरते, गोळीतल्या कार्निटिनवर नव्हे.

दुसरी अडचण गोळी स्नायूपर्यंत पोहोचण्याची आहे. अन्नातील कार्निटिनपैकी ५४ ते ८६ टक्के शोषले जाते, तर पूरक गोळीतील केवळ १४ ते १८ टक्के. जे रक्तात पोहोचते तेही स्नायूत सहज शिरत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्नायूंतील साठा सुमारे २१ टक्क्यांनी वाढवून दाखवला. मात्र त्यासाठी चोवीस आठवडे, दिवसातून दोनदा, कार्निटिनसोबत ८० ग्रॅम कर्बोदके द्यावी लागली. वजन उतरवू पाहणाऱ्याने दोन गोळ्यांसाठी रोज १६० ग्रॅम साखरेचे सरबत प्यावे, असा सल्ला तो संदेश लिहिणाराही देणार नाही.

पाच किलोंचा आकडा कोठून आला हे संदेशात नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत, २०१६ च्या आणि २०२० च्याही, कार्निटिन घेणाऱ्यांचे वजन तुलनेतील गटापेक्षा सरासरी सव्वा किलोच्या आसपास अधिक उतरले. परिणाम शून्य नाही, पण एवढ्याशा फरकासाठी डब्याची किंमत मोजावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

डायलिसिसचा दाखला खरा आहे आणि नेमका म्हणूनच दिशाभूल करणारा आहे. डायलिसिसच्या यंत्रातून कार्निटिन वाहून जाते, म्हणून काही रुग्णांना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. जन्मतः कार्निटिनचा वाहक प्रथिनरेणू सदोष असलेल्या मुलांना ते आयुष्यभर घ्यावे लागते, आणि व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध घेणाऱ्या काहींच्या शरीरातील पातळीही खालावते. या सर्वांत कमतरता आधी सिद्ध होते, मग औषध येते. ढेरी हा कमतरतेचा पुरावा नव्हे.

राहता राहिला ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा दावा. बाजारातील गोळीतले कार्निटिन रासायनिक प्रक्रियेने किंवा सूक्ष्मजीवांकरवी कारखान्यात तयार होते; त्यात गैर काही नाही, पण मग नैसर्गिकपणाची द्वाही कशाला? दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास मात्रा घेतल्यास मळमळ, जुलाब आणि अंगाला माशासारखा वास येणे हे त्रास नोंदलेले आहेत, आणि अपस्माराच्या रुग्णांत झटके वाढू शकतात. आतड्यातील जिवाणू कार्निटिनपासून जो वायू बनवतात त्याचे यकृतात टीएमएओ नावाचे संयुग होते, आणि २०१३ पासूनच्या संशोधनात या पदार्थाचा हृदयविकाराशी संबंध आढळला आहे. अर्थात समुद्राच्या मासळीतही टीएमएओ मुळातच असते, त्यामुळे संबंधालाच कारण समजून सुरमईवर बहिष्कार टाकण्याची घाई नको.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हा संदेश वाचून डबा मागवला आणि मला दाखवायला आणला. पुढच्या बाजूला सपाट पोटाचे चित्र, आणि मागे, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत, हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही अशी इंग्रजी सूचना होती. वहिनींच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि त्या ॲसेनोकुमारॉल हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेतात. हे औषध किंवा त्याच प्रकारचे वॉरफरिन चालू असताना कार्निटिन घेतल्यावर आयएनआर वाढल्याच्या, म्हणजे रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याच्या, रुग्णनोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘भाऊजी, पण यात नॅचरल लिहिलंय ना?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मी त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावायला सांगितले. डबा सीलबंद होता. तो तसाच संध्याकाळी दुकानात परत गेला.