आमच्या शेतातलं भूत माणूस मागत नाही

हल्ली मराठी भयकथांत सुगी आली की शेतात बुजगावणं उभं राहतं, अमावस्या येते आणि पिकाच्या देवाला माणसाचा बळी लागतो. खरं सांगू? आमच्या खानदेशातलं शेत हे नव्हेच.

युरोपात त्याला आधार आहे. लोकसमजुतींचा अभ्यासक जेम्स फ्रेझर याच्या ‘द गोल्डन बाउ’ या १८९० च्या ग्रंथात तिकडच्या समजुतींचा ढीगच आहे: पिकातलं दैवत विळ्यापुढे पळत पळत शेवटच्या पेंढीत दडतं, मग त्या पेंढीची बाहुली करतात, ती कापणाऱ्याची टिंगल होते. त्यावर कोणी भयकथा रचली तर रचू दे. आपण ती उचलून जळगावच्या केळीत कशाला खोचायची?

आमच्याकडची भीती वेगळ्या जातीची. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, रास मोजताना आजोबा चप्पल खळ्याबाहेर काढायला लावत. पहिली पायली (धान्य मोजायचं माप) टाकताना ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मध्येच कोणी तोंड उघडलं की ‘चूप ऱ्हाय रे पोऱ्या!’ लक्ष्मी समोर बसलीय, रुसली तर उठून जाईल, एवढाच धाक. ती येऊन गळा धरेल असं कधी कोणी म्हटलं नाही. ती निघून गेली तर खायचं काय, यानेच मोठी माणसं गप्प बसत.

सातपुड्यात तर याहामोगी ही धान्याची आईच. महाशिवरात्रीला नंदुरबारकडची आदिवासी माणसं टोपल्यांत धान्य घेऊन सरहद्दीपलीकडे, गुजरातेत देवमोगऱ्याला जातात. कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या नैवेद्याचे रोटही बघा: भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचे नाहीत. का, विचारलं तर आत्या डोळे वटारते. कथा तिथे आहे, राव!

‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट मला म्हणूनच पटला. त्यातल्या हस्तर या शापित दैवताला सोनं मिळालं, धान्य नाही, म्हणून तो पिठासाठी वखवखलेला. तो कोकणातला, पण भूक आपल्या ओळखीची.

आता थ्रेशर येतो, तासाभरात पोती भरतात, पायली माळ्यावर धूळ खाते. तरी रास भरताना घरातलं कोणीतरी गप्प होतंच. कोणीतरी लिहा की त्यावर: मोजता मोजता रास कमी होत चाललीय आणि बोलायची कोणाला सोय नाही. फक्त संवाद अहिराणीत ठेवा; पुणेरी बोलणाऱ्या भुताला आमच्याकडे आधी चहा पाजतील, मग गाव विचारतील.