फक्त पुइग-ओबेरचा बूट? मग कोंत्रास्तँचे ट्राय कुठे गेले?

फ्रान्सच्या रग्बी लीगविषयी, म्हणजे तेरा-तेरा जणांच्या रग्बीविषयी, एक दावा नेहमी फिरतो: १९५१ ची ऑस्ट्रेलियातली कसोटी मालिका फ्रान्सने एकट्या पुइग-ओबेरच्या किकवर जिंकली, विंगर (मैदानाच्या कडेने धावणारे) वगैरे मंडळी नुसती पळत होती. सामन्यातही सिगारेट ओढणारा हा कप्तान आणि फुलबॅक (सगळ्यांत मागे उभा राहणारा खेळाडू) आहेच तसा रंगतदार. विंगर रेमों कोंत्रास्तँच्या वाट्याला असे किस्से आले नाहीत.

तीन कसोट्यांत पुइग-ओबेरने १८ गोल मारले, म्हणजे किकने चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांड्यावरून घालवला, हे खरं. तेव्हा गोलला २ गुण होते, म्हणजे ३६. पण फ्रान्सचे एकूण गुण ७२ (२६, ११ आणि ३५). उरलेले ३६ आले ट्रायमधून (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवणं), तीन गुणांचा एक असे बारा ट्राय. बरोब्बर निम्मे! शिवाय ट्रायनंतरची गोलची किक मिळते ती कुणीतरी ट्राय केला म्हणूनच.

आता सामनेवार बघा. सिडनीतली पहिली कसोटी २६-१५ अशी जिंकली. त्यात १४ गुण गोलांचे, तेव्हा ती बुटाच्या खात्यावर टाकायला माझी ना नाही. ब्रिस्बेनला फ्रान्सच्या ११ पैकी ८ गुण बुटाचेच होते आणि तो सामना फ्रान्स ११-२३ असा हरला. हा आकडा दावा करणारे कधीच सांगत नाहीत.

निकाल लावणारी तिसरी कसोटी पुन्हा सिडनीत झाली. फ्रान्स ३५, ऑस्ट्रेलिया १४. सात ट्राय, त्यांचे २१ गुण. एकही किक गोलात गेली नसती तरी फ्रान्स जिंकलाच असता. त्या सातांत क्रेस्पोचे तीन आणि कोंत्रास्तँचे दोन.

‘समोरचा संघच लेचापेचा होता’ ही दुसरी पळवाट. आदल्याच वर्षी याच ऑस्ट्रेलियाने ब्रिटनला हरवून तीस वर्षांनी अ‍ॅशेस (क्रिकेटची नव्हे, रग्बी लीगमधली) परत मिळवली होती. कप्तान क्लाइव्ह चर्चिलचा संघ तो, त्याला लेचापेचा म्हणणं जरा अतीच.

तिसरा मुद्दा, ‘विंगर काय, आयता चेंडू घेऊन रेषेपलीकडे टेकवतो.’ आयता? विंगरपर्यंत चेंडू येतो तोवर बचाव सरकत आलेला असतो आणि एका बाजूला बाहेरची रेषा. चुकायला जागाच नसते.

एकाच मोसमाचा योगायोग म्हणाल तर १९५४ बघा. पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत पॅरिसला पार्क दे प्रँसवर झाली. ब्रिटनने ती १६-१२ अशी जिंकली. पुइग-ओबेरने तीन गोल केले. फ्रान्सचे दोन्ही ट्राय मात्र विंगरांचे, एक कांतोनीचा, एक कोंत्रास्तँचा.

आणि १९५५ मध्ये फ्रान्स पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला आणि पुन्हा २-१ ने मालिका जिंकून आला. त्या दौऱ्यावर पुइग-ओबेर नव्हता.