लस पोरीला, आणि आईची तपासणी?

एचपीव्ही या विषाणूपासून आणि त्यामुळे होणाऱ्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लशीवरून कोल्हापुरात घरोघरी जो वाद चालतो, तो मी मेलबर्नमध्ये बसून फोनवर ऐकते. मंगळवार पेठेतल्या वहिनीची थोरली यंदा बारा वर्षांची झाली. डॉक्टरीणबाईंनी लस सुचवली आणि घरात दोन तट पडले. "आमची पोरगी तसली न्हाई, तिला कशाला असली लस?" हा आत्तीचा सवाल. "वन्सं, तिकडं काय करतात?" हा वहिनींचा.

इकडं ही लस मुलींना 2007 पासून आणि मुलग्यांना 2013 पासून शाळेतच मिळते. सातवीत नर्स येतात. त्याच दिवशी धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची आणि एचपीव्हीची, अशा दोन्ही लशी टोचतात. पालकांची संमती आधी घेतलेली असते. माझा लेक त्या संध्याकाळी दंड दुखतोय म्हणून जरा कुरकुरला आणि क्रिकेटच्या सरावाला गेला. वर्गातली सगळी पोरं-पोरी एकाच रांगेत, त्यामुळे कुणाच्या चालचलणुकीचा विषयच निघत नाही.

आत्तीला उत्तर या विषाणूच्या स्वभावातच मिळतं. तो संबंधातून पसरतो हे खरं, पण इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. एकाच माणसाशी संसार केलेल्या बाईलाही होतो. नवऱ्याला लग्नाआधी झालेला असू शकतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. दोनशेहून अधिक प्रकारांपैकी चौदाएक धोक्याचे, आणि त्यांतले 16 व 18 क्रमांकाचे दोनच गर्भपिशवीच्या तोंडाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरच्या मुळाशी असतात. असला एखादा प्रकार अंगात ठाण मांडून बसला, तर कॅन्सर व्हायला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. म्हणून लस संबंध येण्याच्या आधीच द्यायची. इंग्लंडात बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर 87 टक्क्यांनी घटल्याचं 2021 मध्ये दिसलं.

"आपल्या पोरींवर प्रयोग करतात" हा दुसरा आक्षेप. तो मी झटकून टाकणार नाही. 2010 मध्ये आंध्र आणि गुजरातमधला याच लशीचा प्रकल्प थांबवावा लागला. त्यातल्या काही मुली दगावल्या होत्या; ते मृत्यू लशीमुळे झाले नव्हते हे चौकशीत निघालं. पण वसतिगृहाच्या वॉर्डननी आईबापांच्या जागी सह्या केल्या होत्या, हेही निघालं. तो राग रास्तच आहे. त्यासाठी शाळेला, दवाखान्याला बसवून सगळं विचारा, समजल्याशिवाय सही करू नका. पण लसच नको म्हटलं तर नुकसान पोरीचं होतं. आता तर 2023 पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही मिळते.

मला खरी बोच आहे ती वेगळीच. हा वाद घालणाऱ्या बायकांचं काय? वहिनी चाळिशीच्या, आत्ती साठीची. दोघींची या कॅन्सरसाठीची तपासणी कधीच झालेली नाही. लशीचा त्यांना आता फारसा उपयोग नाही, त्यांना तपासणीच हवी. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त दगावतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या जेमतेम 1.9 टक्के बायकांची तपासणी झालेली होती. संबंधानंतर रक्त दिसतं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जातं, तरी "गौरी-गणपती होऊ देत, मग बघू" म्हणून आम्ही अंगावर काढतो.

मेलबर्नमध्ये 2022 पासून तपासणीच्या वयातली कुठलीही बाई या विषाणूच्या तपासणीसाठी आपला नमुना आपणच घेऊ शकते. दवाखान्यात पडद्याआड जायचं, कापूस लावलेली लांब काडी आत काही सेकंद फिरवायची, नळीत घालून द्यायची. विषाणू सापडला नाही तर पुढची तपासणी पाच वर्षांनी. टेबलावर पडायला नको, कुणी बघायला नको. ज्या लाजेपायी आपल्या बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत, ती अडचणच इथं उरत नाही.

आणि ही तपासणी जीव वाचवते हे ठामपणे दाखवणारा एक मोठा अभ्यास आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. खेड्यापाड्यांतल्या सव्वा लाखावर बायका त्यात होत्या. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियानं जुनी पॅप तपासणी, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन बघायची पद्धत, सोडून हीच धरली ती 2017 मध्ये. आपल्या बायकांनी जगाला दिलेला पुरावा आपल्याच बायकांच्या कामी येत नाही, याचा मला संताप येतो.

वहिनींना मी सांगितलंय, पोरीला लस टोचायला न्याल त्याच दिवशी तुमची तपासणी करून घ्या आणि आत्तीलाही बरोबर न्या. शाळांनी लशीच्या दिवशी आयांनाही बोलवावं, नमुन्याच्या काड्या तिथंच द्याव्यात. पेठांतल्या तालमी गणपतीत रक्तदान शिबिरं भरवतातच, त्यांनी एक दिवस या तपासणीलाही द्यावा. आणि पोरांना लस मिळावी म्हणून बापांनी रांगेत उभं राहावं.