बायको-मुलं असली म्हणून प्रत्यार्पण टळत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘लंडनला जा, संसार थाटा, कौटुंबिक जीवनाच्या हक्कापुढे भारताचं काही चालत नाही. मल्ल्या, नीरव मोदी असेच वाचले. हा हक्क म्हणजे गुन्हेगारांची ढाल.’ ठेवी बुडालेली घरं या शहरात कमी नाहीत, त्यामुळे यामागची चीड मी समजू शकते. पण यातलं एकही विधान टिकत नाही.

‘काही चालत नाही’ हे आधी घेऊ. ब्रिटनलाही लागू असलेल्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या ज्या आठव्या कलमात हा हक्क आहे, त्याच कलमात गुन्हे रोखण्यासाठी त्यावर मर्यादा घालण्याची मुभाही आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये अमली पदार्थांच्या तस्करीत इटलीला हव्या असलेल्या एका जोडप्याला पाठवायला मान्यता दिली. त्यांना तीन लहान मुलं होती. आई आणि वडील दोघंही जाणार, हे माहीत असून.

मग ‘ढाल’ कुठे दिसली? त्याच निकालात पोलंडला हवी असलेली पाच मुलांची आई वाचली. सगळ्यात धाकटं मूल तीन वर्षांचं होतं. फसवणुकीचे आरोप तुलनेने हलके होते आणि त्यांनाही बरीच वर्षं उलटली होती. अशा वेळी मुलांचं नुकसान जड भरतं. गुन्हा गंभीर असेल तर सहसा नाही. न्यायाधीशांनी हे तोलून पाहू नये, असं मला तरी म्हणवत नाही. आपल्या येरवड्याच्या महिला कारागृहातही सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. त्याने आईची शिक्षा माफ होत नाही, पण मुलाने काही केलेलं नाही हे आपणही मानतोच की.

राहिले मल्ल्या आणि मोदी. मल्ल्याच्या प्रत्यार्पणाला लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये हिरवा कंदील दिला, एप्रिल 2020 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याचं अपीलही फेटाळलं. नीरव मोदीने मानसिक आजार आणि आत्महत्येचा धोका पुढे केला. नोव्हेंबर 2022 मध्ये तोही हरला.

भारत खरोखर हरला तो फेब्रुवारी 2025 मध्ये, करचुकवेगिरीच्या आरोपात हव्या असलेल्या संजय भंडारीच्या प्रकरणात. तिथे निकाल फिरला तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातल्या खंडणी-मारहाणीच्या भीतीवर आणि खटला न्याय्य होईल का, या शंकेवर. फरारी परत हवे असतील, तर आधी तुरुंग सुधारा, हे सरकारला ठणकावून सांगणारा मजकूर मला एकाही ग्रुपवर आलेला नाही.