पार्थेनॉनची शिल्पं लंडनमध्येच बरी?

'लॉर्ड एल्गिनने पार्थेनॉनची शिल्पं रीतसर परवानगीने नेली, म्हणून ती वाचली. आज ती लंडनमध्ये सगळ्या जगाला फुकट पाहता येतात, आणि परत दिली तर जगभरची म्युझियमं ओस पडतील.' हा मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. पार्थेनॉन म्हणजे अथेन्समधलं प्राचीन ग्रीक देऊळ; त्याची बरीच शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ती परत मागतोय. त्या मजकुराला हे उत्तर.

आधी परवानगी. एल्गिन ऑटोमन (तुर्की) दरबारी ब्रिटनचा राजदूत होता आणि अथेन्सवर तेव्हा ऑटोमनांचंच राज्य होतं. ज्या फर्मानाचा दाखला दिला जातो, त्याची मूळ प्रत सापडलेली नाही. आहे तो इटालियन तर्जुमा. त्यात दगडाचे काही तुकडे न्यायला आडकाठी करू नये, एवढंच आहे. देवळावर लावलेली शिल्पं करवतीने कापून उतरवा, असं कुठेही नाही.

शिल्पं वाचली, यात तथ्य आहे. 1687 च्या स्फोटात देऊळ उद्ध्वस्त झालं होतं, आणि देवळावरच राहिलेला पश्चिमेचा शिल्पपट्ट पुढे प्रदूषणाने झिजला. तो 1993 साली उतरवावा लागला. पण लंडनमध्येही 1937-38 साली 'स्वच्छते'साठी तांब्याच्या हत्यारांनी संगमरवर खरवडला गेला. तो पृष्ठभाग आता कधीच परत येणार नाही.

फुकट पाहता येतात, हेही खरं. पण काय पाहता येतं? देवळाचा पूर्ण शिल्पपट्ट सुमारे 160 मीटरचा, गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर चौफेर कोरलेला. त्यावर कोरलेली मिरवणूक नैऋत्य कोपऱ्यातून निघते, दोन फाटे फुटतात आणि दोन्ही पूर्वेला येऊन मिळतात. म्हणजे भोवती फिरत पाहायचं हे शिल्प. लंडनमध्ये त्यातला 75 मीटरच्या आसपासचा भाग दालनाच्या आतल्या भिंतींवर, आत तोंड करून लावलाय. पाहणारा मध्ये उभा आणि मिरवणूक त्याच्याभोवती! अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये 2009 पासून हाच पट्ट देवळाच्याच मापाने आणि दिशेने, बाहेर तोंड करून मांडलाय. काचेपलीकडे खुद्द पार्थेनॉन दिसतं. तिथल्या अस्सल शिलांशेजारी लंडनच्या भागांचे प्लास्टरचे ठसे बसवलेत. समुद्रदेव पोसायडनच्या पुतळ्याचं धडसुद्धा दोन शहरांत वाटलंय. याला जपणूक कसं म्हणायचं?

आणि म्युझियमं ओस पडण्याची भीती? इटलीतल्या पालेर्मोच्या म्युझियमने 2022 मध्ये, व्हॅटिकनने 2023 मध्ये आपल्याकडचे पार्थेनॉनचे तुकडे अथेन्सला दिले. दोन्हीकडची दालनं आजही भरलेली आहेत. लंडनला 1963 चा, ब्रिटिश म्युझियमला संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला सहसा मनाई करणारा कायदा आडवा येतो, पण तो संसदेनेच केलाय आणि संसदच तो बदलू शकते.