प्रश्नात शेत दिसले पाहिजे

शेतीच्या अवजारांच्या खरेदीपूर्वी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारावे, हे तुमच्याकडे आलेल्या लेखातील मत मला पटते. मात्र प्रश्न कसा विचारावा, यावर लेखात एक ओळही नाही. आमच्या भागातील गटांवर ‘कोणता फवारणी पंप चांगला?’ एवढेच विचारले जाते आणि मग प्रत्येक जण आपापल्या पंपाचे गोडवे गातो. त्याऐवजी कपाशी किती एकर आहे, पाणी किती लांबून आणावे लागते, 16 लिटरची भरलेली टाकी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच 16 किलो ओझे, काळ्या चिखलातून पाठीवर कोण वाहणार आणि वायसर, नोझल तालुक्याला मिळते का, हे लिहिल्यास उत्तरे कामाची येतात. जुना पंप घेताना तर त्यातून तणनाशक फवारले होते का, हे आधी विचारावे. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश टाकीत राहिला, तर कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी होतात. कीटकनाशकाचे प्रमाण मात्र गटावर मुळीच विचारू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. प्रमाणासाठी डब्यावरील लेबल वाचावे किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठावे. तेथील माणूस निदान समोर बसून उत्तर देतो.